लांबी भरण्यापूर्वी

'लांबी' हा शब्द उच्चारला की कला शाखेच्या विद्यार्थ्यांना भूगोलाचा तास आठवावा, हे साहजिक आहे. आमच्या घरी मात्र लांबी डब्यात असते! माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, भोसरीच्या एका गॅरेजात ठोकलेल्या गाड्यांवर लांबी भरून ती घासून पत्र्याशी एकजीव करण्याचे काम गेली बावीस वर्षे करीत आहेत. पुटी म्हणतात ती हीच. पूर्वी खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी करीत आणि खिडकीच्या काचा तिनेच बसवीत. गॅरेजातली आजची लांबी निराळी. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे गेल्या डिसेंबरपासून मनात आहे.

निमित्त घडले इतिहास विभागाच्या प्रदर्शनाचे. आम्ही सातजणांनी चाकणच्या संग्रामदुर्गाची प्रतिकृती करण्याचे ठरविले. १६६० च्या पावसाळ्यात शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी हा एवढासा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजविला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला. चाकण म्हटले की आज आपल्याला कंपन्यांची फाटके आणि हमरस्त्यावरची वाहनांची रांग तेवढी आठवते. म्हणून हा विषय. प्रमाण धरले एकास शंभर. तट प्लायवुडचा, बुरूज पुठ्ठ्याच्या नळकांड्यांचे. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ साली राज्यात बंदी आली, त्यामुळे तो मार्ग बंदच होता. प्लाय आला की सांधे आले, सांधे आले की भेगा आल्या. त्या बुजवायला मी अण्णांकडून अर्धा डबा लांबी मागून आणली आणि गटात माझा भाव एकदम वधारला.

शेजारच्या वर्गात तास चालू होता. आवाज जाऊ नये म्हणून आम्ही दारे-खिडक्या लावून घेतल्या. अर्ध्या तासात डोकी जड झाली, एका मैत्रिणीला मळमळू लागले. भूक लागली असेल म्हणून वडापाव मागविले आणि लांबीने माखलेल्या हातांनीच खाल्ले. कुणीतरी लांबीची पाटी एका जुन्या थर्माकोलच्या तुकड्यावर टेकवून ठेवली होती. काठावरून लांबी ओघळली होती. थोड्या वेळाने पाहतो तो त्या तुकड्याला चांगला बोटभर खळगा पडलेला!

घरी आल्यावर अण्णांना विचारले. ते म्हणाले, "ती खातीच त्याला."

"मग माणसाला?"

"आपण काय थर्माकोल हाय व्हय, पोरी?"

मला हसू आले. पण प्रश्न काही सुटला नाही. ग्रंथालयात बसून, रसायनशास्त्राच्या सरांना विचारून जे समजले ते असे. थर्माकोल ज्या स्टायरीनपासून बनते तेच स्टायरीन द्रवरूपात या लांबीमध्ये असते. राळ पातळ ठेवण्यासाठी ते घातलेले असते, आणि डबा उघडताच जो उग्र वास येतो तो त्याच्याच वाफेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' अशा गटात टाकले. हे वाचून कुणी घाबरू नये. एका दुपारी प्रतिकृती करणाऱ्याला कर्करोग होतो, असा याचा अर्थ नाही. रोज आठ तास, वर्षानुवर्षे वास घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. मात्र एक फरक मला चक्रावून गेला. अण्णांची शेड तिन्ही बाजूंनी मोकळी आहे, वारा खेळता असतो. आमची खोली बंद होती. त्या दुपारपुरते तरी आम्ही शिकलेली मुले अण्णांपेक्षा वाईट हवेत बसलो होतो.

वासापेक्षाही फसवी गोष्ट म्हणजे धूळ. लांबी वाळली की वास ओसरतो आणि धोका टळला असे वाटते. खरे तर पॉलिश पेपर हाती घेतल्यावर दुसरा धोका सुरू होतो. घासताना उडणाऱ्या धुळीतील जे कण डोळ्यांना दिसतात ते बहुतेक नाकातच अडतात. न दिसणारे कण फुफ्फुसात खोलवर जातात. लांबी पुरती वाळण्याआधी घासली तर कच्ची राळही त्या धुळीबरोबर आत जाते. गाडीवर अण्णा पाणी पेपर वापरतात, त्याने धूळ चिखल होऊन खाली बसते. प्लास्टिकच्या विमानांची मॉडेल्स करणाऱ्यांनाही हाच उपाय चालतो. प्लाय आणि पुठ्ठा मात्र पाण्याने फुगतात. तेव्हा आमच्यासारख्यांनी व्हरांड्यात किंवा गच्चीवर जाऊन, मास्क लावूनच घासावे. नंतर झाडू मारू नये, फुंकर तर मुळीच मारू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावे.

मास्कविषयी एक गैरसमज आमच्यातही होता. रुमाल बांधला की झाले! रुमालातून बारीक धूळ सहज आरपार जाते. २०२० च्या साथीत ओळखीचा झालेला एन-९५ धूळ अडवितो. पण वाफ त्यालाही अडत नाही. तिच्यासाठी कोळशाच्या डब्यांचा मास्क असतो. तो नसेल तर मोकळी हवा हाच उपाय. वास येत असताना एन-९५ लावून बंद खोलीत निर्धास्त बसणे म्हणजे छत्री उघडून नदीत उतरणे होय.

हार्डनरचेही तसेच. शंभर ग्रॅम लांबीला साधारण दोन ग्रॅम पुरे होतो. आमच्यातल्या एका घाईखोराने लवकर वाळावी म्हणून नळीच पिळली. गोळा हाताला चटका बसण्याइतका तापला आणि भिंतीवर चढण्याआधीच दगड झाला. असा गोळा कागदाच्या कचऱ्यात टाकू नये, पत्र्यावर उघडा निवू द्यावा. हार्डनर डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून चष्मा हवा. बारीक कामाला आपण एम-सील वापरतो, त्याला वास नसतो म्हणून ते निरुपद्रवी वाटते. ते उघड्या हातांनी वारंवार मळल्यास काहींच्या त्वचेला त्याचे वावडे निर्माण होते, आणि एकदा झालेले वावडे सहसा जात नाही. हातमोजे घालावेत. आणि हात थिनरने धुऊ नयेत! थिनर कातडीतले तेल काढून घेतो, कातडी फुटते. खोबरेल चोळून मग साबण लावला तर डाग निघतात. हे आमच्या आईने शोधून काढले, कोणत्याही पुस्तकात मी वाचलेले नाही.

"वर्षातून एकदा मॉडेल करायचे, त्याला एवढे सोपस्कार कशाला?" असे एका मित्राने विचारले. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण आमच्या प्रदर्शनात प्रतिकृतीला गुण होते, माहितीफलकाला गुण होते, सादरीकरणाला गुण होते. ती कशी केली हे मात्र कोणी विचारले नाही. हे न विचारण्याचे वळण इथेच लागते आणि पुढे कामाच्या ठिकाणी तेच चालू राहते, असे माझे स्पष्ट मत आहे. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सांगितले की, वैद्याने रोग्याला त्याचा धंदा अवश्य विचारावा. मागच्या वर्षी अण्णांचा खोकला हटेना म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो. तीन खेपा झाल्या, तीन बाटल्या झाल्या. 'काम काय करता?' हा प्रश्न तीनशे वर्षांनंतरही तिथे पोहोचलेला नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्यात धूळ आणि वाफ यांवर स्वतंत्र कलम होते. पण मूळ कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत निदान दहा कामगार असले तरच तो लागू होई. अण्णांच्या शेडमध्ये चौघे आहेत.

आणि डब्यावरची सूचना! ती आहे, नाही असे नाही. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत. अण्णा सातवीपर्यंत शिकले, मराठी वर्तमानपत्र रोज वाचतात. बावीस वर्षे ज्या डब्यात हात घातला त्यावर काय लिहिले आहे, हे त्यांना गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हते. मी बसून एकेक ओळ मराठीत सांगितली. मग ती एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. तो पुठ्ठा आता शेडमध्ये कॅलेंडरशेजारी टांगलेला आहे. यंदाच्या प्रदर्शनाच्या खोलीत तसाच एक लावू द्यावा आणि लांबीचे काम व्हरांड्यात करण्यास परवानगी द्यावी, असा अर्ज आम्ही सातजणांनी विभागाकडे दिला आहे.

अण्णांना मास्कही आणून दिला. ते लावतात, पण नाकाखाली. गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही म्हणतात.