काचेबाहेरचा बाप

मुदतीआधी जन्मलेले मूल अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत असते, बाळंतीण वॉर्डात, आणि बाप बाहेर व्हरांड्यात. हातात औषधांची चिठ्ठी, खिशात डिपॉझिटची पावती. 'तू खंबीर राहा' असे जो तो त्याला सांगतो. तू जेवलास का, हे सहसा कोणी विचारत नाही.

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानतात. फारच लवकर आलेल्या बाळाचा रुग्णालयातला मुक्काम कित्येक आठवडे लांबतो. आणि बापाची रजा? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. जन्मापासून सहा महिन्यांत घेतली नाही तर ती बुडते. खासगी नोकरदारांसाठी तसा केंद्रीय कायदाच नाही. २०१७ च्या दुरुस्तीने आईची रजा २६ आठवड्यांवर नेली. ते योग्यच झाले, पण बाप त्यात कुठेच नाही.

बँकेत रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येत. 'साहेब, शिल्लक रजा आत्ताच संपवू, की बाळ घरी आल्यावर घेऊ?' असे विचारणारे तरुण मी पाहिले आहेत. नियमांच्या पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नव्हते.

ब्रिटनने ते शोधले. ६ एप्रिल २०२५ पासून तिथे जन्मलेले बाळ २८ दिवसांच्या आत नवजात विभागात दाखल होऊन सलग सात दिवस राहिले, तर नोकरदार आईबापांना नेहमीच्या रजेखेरीज जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात. रुग्णालयातले दिवस वेगळे मोजायचे, एवढीच ही साधी कल्पना. आपल्याकडे ती यायला हवी.

कारण बाप तिथे नुसता पैसे भरायला नसतो. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची 'कांगारू' पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिच्या इंग्रजी नावात 'मदर' आहे खरे, पण सिझेरियन झालेली आई उठू शकत नसेल तेव्हा वडिलांची छातीही चालते. पुढून उघडणारा सदरा घालून या, एवढेच त्याला कोणीतरी सांगायला हवे.

रोजंदारीवरच्या बापाला तर रजा हा शब्दच लागू नाही. खाडा केला की मजुरी गेली. त्याला संध्याकाळी कामावरून आल्यावर आत जाऊ द्यावे, डॉक्टरांनी ठरल्या वेळी दोन वाक्ये बोलावीत, व्हरांड्यात पाठ टेकायला एक बाकडे असावे. यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.