गृहसजावटींतील उसनवारी

नवें घर ‘मॉडर्न’ दिसावें, ही मुंबई-पुण्याकडील मध्यमवर्गाची आतां जवळजवळ एकमुखी मागणी झाली आहे. मागणीला आमची हरकत नाहीं. त्या नांवाखालीं घरांत जो माल येऊन पडतो त्याला आहे. राखी रंगाच्या भिंती, फिकट लांकडाचें किंवा लांकडासारखें भासणारें सामान, गॅलरीच्या जागीं कांचेचें आवरण, भिंत पाडून दिवाणखान्याला जोडलेलें स्वयंपाकघर, आणि ज्याच्या इंग्रजी नांवांतच खोटेपणाची कबुली आहे तें फॉल्स सीलिंग, एवढें जमलें म्हणजे गृहस्थ आधुनिक झाला! हें सामान ज्यांनीं प्रथम घडविलें त्यांनीं तें कां घडविलें, हा प्रश्न ना सजावटकार विचारीत, ना पैसे मोजणारा यजमान.

फिकट रंगांचेंच पाहा. हा सोस उत्तर युरोपांतून आला. स्टॉकहोम सुमारें ५९ उत्तर अक्षांशावर आहे, आणि ऐन डिसेंबरांत तेथें सूर्य जेमतेम सहा तास क्षितिजावर असतो. तेथील माणसानें पांढऱ्या भिंती आणि उघड्या मोठ्या खिडक्या पत्करल्या त्या हाताशीं आलेला प्रत्येक किरण घरभर खेळविण्यासाठीं. मुंबई १९ अक्षांशावर आहे. आमच्या गवंड्या-सुतारांची सारी हिकमत पिढ्यान्‌पिढ्या उजेड गाळून घेण्यांत खर्च झाली. पडवी, उतरतें छप्पर, लांकडी जाळी, वाळ्याचे पडदे हीं सर्व त्या हिकमतीचीं अपत्यें. स्टॉकहोमची कांच उजेड गोळा करते, आमची ऊन गोळा करते. मग दुपारीं बारा वाजतां पडदे ओढावयाचे, पडदे ओढले म्हणून दिवे लावावयाचे, आणि या सर्वांचा ताप उतरविण्यासाठीं भिंतीवर थंड वाऱ्याचें यंत्र टांगावयाचें! राखी रंग तर आमच्याकडे आषाढ-श्रावणांत आकाशच फुकट पुरवितें; तो भिंतीला पैसे देऊन कशासाठीं लावावा हें आम्हांस कळत नाहीं.

परंतु खरा अनर्थ झाला आहे तो स्वयंपाकघराचा. १९२६ सालीं फ्रँकफुर्ट नगरपालिकेच्या वसाहतींसाठीं मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुशिल्पी बाईंनीं एका स्वयंपाकघराचा आराखडा केला. आजचीं ‘मॉड्युलर’ स्वयंपाकघरें त्याच्याच वंशांतलीं. खोली चिमुकली, रुंदी दोन मीटरांहूनही कमी, लांबी साडेतीन मीटरांच्या आंत. काम करणाऱ्या बाईला किती पावलें चालावें लागतें याचा हिशेब करून त्यांतील प्रत्येक वस्तु बसविलेली होती. बसावयास फिरतें स्टूल होतें, इस्त्रीसाठीं भिंतीला मिटणारी फळी होती. आणि त्या खोलीला भिंत होती. जेवणघराकडे सरकतें दार होतें. म्हणजे ज्या आधुनिकतेच्या नांवानें आम्ही भिंत पाडतों, तिच्या मूळ नमुन्यांत भिंत शाबूत आहे. पुढें अमेरिकेंत ती पडली हें खरें. पण तेथील रांधणें बऱ्याच अंशीं भट्टींत ठेवून झांकण्याचें. आमची हिंग-मोहरीची फोडणी, ठेंच्याच्या मिरच्या, सुके बोंबील यांना झांकण मानवत नाहीं. वर लाविलेली विजेची चिमणी आवाज पुष्कळ करते. वास मात्र सोफ्याच्या गादींत जाऊन मुक्काम करितो. शेवटीं घरांतील बाई बोंबील तळणेंच सोडून देते.

भिंत पाडल्यानें बाई मोकळी झाली, घरांत मिसळली, असें या पक्षाचें म्हणणें आहे. दूरदर्शन पाहत बसलेल्या चौघांच्या नजरेसमोर एकटीनेंच पोळ्या लाटणें याला मिसळणें म्हणत असतील तर गोष्ट वेगळी. पूर्वी तिचे कष्ट दिसत नसत. आतां दिसतात, आणि तरी कोणी उठत नाहीं. भर म्हणून ओट्यावर डबा, विळी, पोळपाट दिसतां कामा नये; तीं झांकावयाचीं तर कपाटांची रांग छतापर्यंत जाते, आणि पांच फूट उंचीच्या सासूबाई डाळीच्या डब्यासाठीं स्टुलावर चढतात. फ्रँकफुर्टच्या बाईंनीं मोजलेलीं पावलें येथें कोणी मोजलीं?

यावरून आम्ही जुन्या वाड्याचे भाट आहों असें कोणी समजूं नये. त्या वाड्यांतील काळोखीं माजघरें, धुरानें गेलेले डोळे आणि चुलीपुढें वांकलेल्या पाठी यांचें गुणगान ज्यांना करावयाचें असेल त्यांनीं करावें. उभ्यानें काम करण्याचा ओटा पाश्चात्त्य वळणाचाच, आणि त्यानें बायकांच्या पाठीवर उपकार केले. उसनें घेणें हा दोष नव्हे. १९३७ सालीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेनें मुंबईच्या टाऊन हॉलांत आदर्श गृहाचें प्रदर्शन भरविलें, त्या पिढीनें पश्चिमेकडून थोडें का घेतलें? सिमेंट-कांक्रीट घेतलें, गोलाईच्या रेषा घेतल्या, गच्च्या घेतल्या. पण ओव्हल मैदानासमोरच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या त्या इमारतींकडे मान वर करून पाहिल्यास खिडक्यांवर लांबच लांब छज्जे दिसतील. ते जुलईच्या पावसासाठीं आणि मेच्या उन्हासाठीं आहेत. वारा खावयास गॅलऱ्या आहेत. २०१८ मध्यें युनेस्कोनें मुंबईच्या या वास्तुसमूहाला जागतिक वारशांत स्थान दिलें. आणि आम्ही काय करतों? ती गॅलरी कांचेनें बंद करून दिवाणखाना चार फूट वाढविल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतों.

त्या वाढलेल्या जागेंत येतो इंग्रजी ‘एल्‌’ अक्षराच्या आकाराचा सोफा, आणि तो एकदां बसला कीं दुसऱ्या कोणास बसावयास फारशी जागा उरत नाहीं. एके काळीं एकच खोली सकाळीं बैठकीची, दुपारीं पंगतीची, रात्रीं निजावयाची होई. पाट भिंतीशीं उभे राहत, अंथरुणाची वळकटी कोपऱ्यांत जाई. जागेच्या काटकसरीचा हा पाठ आमच्या घरींच होता. आतां ‘मिनिमल’ या नांवानें तो परदेशी मासिकांतून परत आला, पण येतांना खुर्च्या, गाद्या आणि लाखांचें बिल घेऊन आला.

सजावटकारानें आराखड्याआधीं घरांतील माणसांना दोन-चार प्रश्न तरी विचारावेत. पापड कोठें वाळतात? उन्हाळ्यांत दुपारीं कोण कोठें आडवें होतें? आजी मेथी कोठें बसून निवडतात? सध्यां ती आंतल्या खोलींत, पलंगावर वर्तमानपत्र पसरून निवडली जाते, कारण दिवाणखान्यांत कोणी येण्याचा संभव असतो.