सावधगिरीचा उपदेश आणि जबाबदारीचा प्रश्न

ऑनलाइन फसवणुकीची बातमी आली की बँका आणि सरकार एकच पालुपद आळवतात : नागरिकांनी सावध राहावे. उपदेश चुकीचा नाही. पण तो कोण कोणास करीत आहे, हे तपासले पाहिजे. लुबाडल्या गेलेल्या माणसालाच दोषी ठरविण्याची सोय त्यात आहे.

याचा पडताळा पुण्याला २०१८ सालीच आला. १९०६ साली स्थापन झालेल्या येथील कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट रोजी दरोडा पडला. चोरांनी संगणकयंत्रणेत शिरून एटीएमकडून येणारी विचारणा मध्येच अडविली आणि बँकेच्या वतीने होकार देणारी बनावट यंत्रणा बसविली. बनावट कार्डांना २८ देशांतील एटीएम पैसे देत राहिली. १३ ऑगस्टला 'स्विफ्ट' यंत्रणेतून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम लंपास झाली. यात कोणत्या खातेदाराने ओटीपी कुणाला सांगितला होता? भगदाड तिजोरीच्याच भिंतीला पडले होते. खातेदारांच्या ठेवी सुरक्षित आहेत असे बँकेने जाहीर केले. परंतु सहकारी बँकेचा तोटा अखेर सभासदांच्याच सामाईक मालमत्तेतून जातो. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली, ती देशातील एटीएममधून रोकड काढणाऱ्या साखळीतल्या माणसांना.

बहुतेक फसवणुकी लोकांच्या भोळेपणामुळे होतात, असा प्रतिवाद केला जाईल. पोलिसी गणवेशात पडद्यावर अवतरून 'डिजिटल अटक' करणाऱ्या ठगापुढे वृद्ध माणूस घाबरतो, हे खरे. पण वर्षानुवर्षे न हललेली ठेव एका दुपारी अनोळखी खात्यात जाते, तेव्हा बँक दोन प्रश्न का विचारीत नाही? चोरीचा पैसा ज्या भाडोत्री खात्यांत उतरतो, ती खाती कोणत्या बँकांनी उघडून दिली? व्यवहार पडद्यावर ढकलून वाचलेला खर्च बँकेच्या नफ्यात आणि त्यातला धोका खातेदाराच्या माथी, हा कुठला न्याय?

यंत्रणा त्रयस्थाने फोडली आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार नाही. दोष ग्राहकाचा असल्यास तो बँकेने सिद्ध करावा, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ साली मान्य केले, सहकारी बँकांनाही लागू केले. मात्र धाकदपटशाने ओटीपी काढून घेतलेला माणूस त्यात निष्काळजीच ठरला. लढा या मुद्द्यावर हवा.

कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत सांगावे : कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची गोष्टच नाही, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, फसवणूक होताच १९३० क्रमांकावर आणि बँकेत लेखी तक्रार करावी, लाजेने दडवू नये. लहान कारखानदारांनी व दुकानदारांनी मोठी रक्कम दोघांच्या संमतीनेच पाठवावी, पुरवठादाराचा खातेक्रमांक बदलल्याचे पत्र आल्यास जुन्या दूरध्वनीवर खात्री करावी आणि हिशेबाची प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी. सहकारी बँकेच्या सभासदांनी वार्षिक सभेत लाभांशापूर्वी विचारावे : संगणकसुरक्षेवर किती खर्च केला, तपासणी कोणी केली, त्रुटी कोणत्या निघाल्या?

सावध जनतेने राहावेच; पण पहारा देण्याचे काम ज्यांनी पत्करले आहे, त्यांना झोपेची मुभा जनतेने देता कामा नये.