कॅलरी घटतात, गरजा घटत नाहीत

दूध-तूप सोडलं की वजन आपोआप उतरतं, असं व्हीगन आहाराचे समर्थक छातीठोकपणे सांगतात. दुधाशिवाय प्रथिनं कुठून आणणार, चार महिन्यांत अंगातलं त्राण जाईल, असं विरोधक तितक्याच जोरात बजावतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडंफार तथ्य आहे. पण वजन कमी करायचं म्हणून जो माणूस ताट बदलतो, त्याच्यापुढचा खरा प्रश्न दोघेही बाजूला ठेवतात. कॅलरी कमी करता येतात. प्रथिनं, लोह, कॅल्शियम, बी-१२ यांची गरज मात्र त्यांच्यासोबत कमी होत नाही. जे दोन हजार कॅलरींत बसत होतं, तेच आता पंधराशेत बसवायचं असतं.

आधी समर्थकांचा दावा तपासू. १९४४ साली इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांच्या डोळ्यांपुढे प्राण्यांचं शोषण होतं, वजनाचा काटा नव्हता. तेलात तळलेला बटाटेवडा व्हीगन असतो, फरसाण व्हीगन असतं, काजू आणि नारळाच्या क्रीमचा केकही व्हीगन असतो. तुपाऐवजी शेंगदाणा तेलात परतलेली साबुदाण्याची खिचडी घ्या. एका माणसाच्या भरपेट बशीत ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, दीड मोठा चमचा तेल आणि एक लहान बटाटा सहज जातो. बेरीज साडेसहाशे कॅलरींच्या घरात. प्रथिनं जेमतेम आठ ग्रॅम, तीही बहुतेक कुटातली, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

याउलट, ५० ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून केलेली उसळ, ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या, छोटा चमचाभर तेलाची फोडणी आणि लिंबू पिळलेली काकडीची कोशिंबीर हे जेवण पावणेसहाशे कॅलरींत उरकतं. त्यात वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि पोट संध्याकाळपर्यंत भरलेलं राहतं. दोन्ही ताटं व्हीगनच. म्हणून ‘व्हीगन’ या शिक्क्यावरून वजनाबद्दल काहीच कळत नाही. फोडणीचंही तसंच आहे. तूप सोडून तेलावर आलेला माणूस हात सैल सोडतो. पण स्निग्ध पदार्थ कुठलाही असो, त्याच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात आणि एका मोठ्या चमच्यात सुमारे १२०.

मग व्हीगन आहारावर वजन उतरल्याचे प्रयोग खोटे का? अजिबात नाहीत, उलट ते भक्कम आहेत. न्यूझीलंडच्या गिझबर्न भागात ‘ब्रॉड’ नावाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सहभागी झालेल्यांना कॅलरी मोजायला सांगितलं नव्हतं, व्यायामाची सक्ती नव्हती, तरी सहा महिन्यांत त्यांचं वजन सरासरी १२ किलोंनी घटलं. २०२१ मध्ये केविन हॉल यांच्या चमूने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचं जेवण दिलं: एक कमी स्निग्ध वनस्पतीजन्य, दुसरं भरपूर स्निग्ध प्राणिजन्य. दोन्ही वेळा हवं तितकं खायची मुभा होती. वनस्पतीजन्य जेवणावर माणसं दिवसाला सुमारे ६९० कॅलरी कमी खात होती आणि त्यांना भूक जास्त लागल्याची तक्रारही नव्हती.

समर्थक हे आकडे मोठ्या अभिमानाने सांगतात, पण त्या ताटांत काय होतं ते सांगत नाहीत. गिझबर्नमध्ये तेलं टाळायला सांगितली होती; भर होता तो अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या आणि फळं यांवर. शिवाय सहभागी झालेल्यांना रोज बी-१२ ची पूरक मात्रा दिली जात होती. तिथे वजन उतरलं ते चोथ्यामुळे, पाण्यामुळे आणि तेल वगळल्यामुळे. दूध न पिणं हा त्यातला लहानसा भाग.

आता विरोधकांकडे वळू. प्रथिनांसाठी दूध किंवा मांस लागतंच, हे म्हणणं टिकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. ब्राझीलमध्ये तरुण व्हीगन आणि मांसाहारी पुरुषांना बारा आठवडे वजनांचा व्यायाम देऊन, प्रथिनांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखं ठेवून पाहिलं, तेव्हा स्नायूंची वाढ आणि ताकद यांत फरक आढळला नाही. वरण-भात, पिठलं-भाकरी या जोड्यांत डाळीतलं लायसिन हे अमिनो आम्ल धान्याची उणीव भरून काढतं. हे स्वयंपाकघरात कित्येक पिढ्या चाललेलं आहे.

पण इथेच वजनाचा प्रश्न आडवा येतो, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. प्रथिनं किती आहेत याइतकंच ती किती कॅलरींसोबत येतात हे महत्त्वाचं आहे. तांदळातल्या कॅलरींपैकी जेमतेम नऊ टक्के प्रथिनांतून येतात. तूर आणि मूग डाळीत हा वाटा पाव भागाच्या वर जातो. सोयाबीनच्या वड्यांत तो साठ टक्के असतो, कारण त्यांतलं तेल आधीच काढून घेतलेलं असतं. आणि शेंगदाणा? प्रथिनांसाठी मूठ-मूठ दाणे खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की दाण्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश कॅलरी तेलाच्या असतात. तो चांगला पदार्थ आहे, पण पंधराशे कॅलरींच्या दिवसात त्याचं काम चटणीपुरतं. बदामाचं दूध तर अनेकांची दिशाभूलच करतं: पेलाभर सोया दुधात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, बदामाच्या बहुतेक तयार दुधात जेमतेम एक.

प्रथिनांवर एवढा भर का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे अगदी प्रमाणात. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. आपल्याकडची अंगकाठी वरवर बारीक दिसते, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. अशा शरीराने साबुदाणा, पोहे आणि फळांवर राहून पाच किलो उतरवले, तर त्यात स्नायूही जातात आणि मधुमेहाचा धोका जिथल्या तिथे राहू शकतो. म्हणून दिवस आखताना आधी डाळ, उसळ, टोफू, सोया यांची जागा ठरवावी. भाकरी-भाताची नंतर, तेलाची सर्वांत शेवटी.

‘नैसर्गिक आहाराला गोळ्या कशाला’ हा तिसरा दावा सर्वांत घातक आहे. बी-१२ सूक्ष्मजीव तयार करतात. भाज्या, डाळी, धान्यं यांत ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनात जे आढळतं त्याचा बहुतांश भाग शरीराला वापरता येत नाही. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं, आणि ही सगळी काही दूध सोडलेली माणसं नव्हेत. जो आधीच काठावर आहे त्याने दूध-दहीही थांबवलं तर काय होईल हे उघड आहे. पालेभाज्या आणि डाळींतल्या फोलेटमुळे रक्तक्षय झाकला जातो, आणि हातापायांना मुंग्या येईपर्यंत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. गोळीतलं बी-१२ जंतूंच्या किण्वनातून बनतं, तेव्हा तत्त्वाचीही अडचण नाही. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं नाही ना, एवढं वेष्टनावर पाहून घ्यावं.

लोहासाठी उसळीवर लिंबू आणि जेवणानंतर तासभर चहा नाही, इतकं केलं तरी फरक पडतो. कॅल्शियमचं काम त्याहून अवघड. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतं आणि रोजची गरज १००० ची. ब्रिटनच्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात व्हीगन लोकांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहारींच्या दुपटीहून अधिक आढळलं. कमी वजन आणि कॅल्शियम-प्रथिनांची कमतरता ही त्याची काही कारणं. कॅल्शियम घालून बनवलेला टोफू, कॅल्शियमयुक्त सोया दूध, तीळ आणि नाचणी रोज ताटात आली तर हा धोका घटतो.

लग्नाआधी किंवा दोन बाळंतपणांच्या मध्ये वजन उतरवण्यासाठी व्हीगन होणाऱ्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात बी-१२ आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात, गरोदरपणी ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वांत जास्त दिसला. ही मुलं पोटात होती तेव्हा आईच्या ताटात काय असावं, हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं.