वंशावळीतून गाळलेली नावे

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क गृहस्थ अमेरिकेहून परतल्यावर आम्हांला भेटावयास आले. त्यांच्या कन्येचा विवाह तेथील व्हर्जिनिया राज्यातील एका जुन्या घराण्यात झालेला आहे. त्या घराण्याने स्वखर्चाने छापलेली आपली वंशावळ त्यांनी मोठ्या कौतुकाने आमच्या हाती ठेवली. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरे आणि आत जुन्या मृत्युपत्रांतील उतारे. अठराव्या शतकातील एका मृत्युपत्राशी आम्ही थबकलो. थोरल्या मुलास जमीन, धाकट्यास पिठाची गिरणी, मुलीस पलंग व चांदीचे चमचे, आणि त्यापुढे तीन टिंबे. समोरच्याच पानावर मूळ कागदाचे छायाचित्र होते. भिंग घेऊन पाहिले, तो त्या तीन टिंबांच्या जागी चार नावे होती. एक स्त्री, तिच्या दोन मुली व एक मुलगा. आडनाव कोणासही नव्हते. चमच्यांबरोबर ती चार माणसेही त्या मुलीस मिळाली होती.

आम्ही ती टिंबे त्या गृहस्थांना दाखविली. ते किंचित ओशाळले आणि म्हणाले, "फादर, आता कशाला गाडलेली मढी उकरायची? ज्यांनी केले तेही गेले, ज्यांनी सोसले तेही गेले."

हा प्रश्न त्या एका गृहस्थांचा नाही. सुशिक्षित, श्रद्धावान माणसांच्या तोंडी तो वारंवार येतो. म्हणून त्याचे उत्तर येथे जाहीरपणे देणे आम्हांस कर्तव्य वाटते.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, गुलाम बाळगणाऱ्या घराण्याची वंशावळ ज्या कागदांतून उभी राहते, ते कागद मुळात मालमत्तेचे कागद आहेत. बाप मेला की मृत्युपत्र न्यायालयात दाखल होई. मग नेमलेली माणसे घरात येऊन चीजवस्तूंची यादी करीत. नांगर, घोडे, गाई, आरसे, आणि त्याच यादीत माणसे. नावापुढे वय व किंमत. म्हाताऱ्या माणसापुढे पुष्कळदा शून्य. मृत्युपत्रांत स्त्री गुलामाबरोबर तिची 'पुढे होणारी वाढ' देऊन टाकण्याची रीत होती. 'वाढ' म्हणजे तिच्या पोटी अद्याप न जन्मलेली मुले. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीस जाई. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. जो बाप स्वतःच मालक होता, त्याला या कायद्याने केवढी सोय करून दिली, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

करनोंदींचेही तसेच. व्हर्जिनियात १६४३ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील आफ्रिकन स्त्री करपात्र ठरली. गोऱ्या घरची स्त्री मात्र त्या मोजणीत नव्हती. १७८२ पासून त्या राज्यात जंगम मालमत्तेवरील कराच्या याद्या दरवर्षी होऊ लागल्या. सुरुवातीच्या काही याद्यांत गुलामांची नावे आढळतात; पुढे बहुधा केवळ आकडे उरतात. १८५० व १८६० च्या राष्ट्रीय जनगणनेत गुलामांसाठी स्वतंत्र तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव ठळक, आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण अशा ओळी. नावे जवळजवळ नाहीतच. मुक्त झालेल्या सर्व माणसांची नावे प्रथम आली ती १८७० च्या जनगणनेत. म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबे आपले पूर्वज शोधू लागली की १८७० पाशी भिंतीवर आपटतात. त्या भिंतीला दारे असलीच, तर ती मालकाच्या घराण्याच्या कागदांत आहेत.

आता वाचकांच्या ध्यानात येईल की, ती तीन टिंबे ही साधी काटकसर नव्हे. ज्या कागदावर एका कुटुंबास त्याचा पणजोबा सापडतो, त्याच कागदावर दुसऱ्या एका कुटुंबाची पणजी सापडण्याची शक्यता असते, आणि पुष्कळदा दुसऱ्या कोठेही नसते. पहिले नाव उचलून दुसरे गाळणे म्हणजे त्या माणसांची दुसऱ्यांदा लूट करणे होय. पहिल्या वेळी त्यांचे श्रम लुटले, आता त्यांचे नाव.

"त्या काळाची रीतच तशी होती," हा पहिला बचाव. काळ कोणाचा? गुलामांचाही तो काळच होता, आणि त्यांस ती रीत मान्य नव्हती. मालकांनाही अन्याय कळत नव्हता असे नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील मळ्यांवर १७९९ मध्ये ३१७ गुलाम होते. त्यांपैकी स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे त्यांनी त्याच वर्षी मृत्युपत्रात लिहिले. ज्याला मृत्युपत्रात मुक्ती सुचते, त्याला अन्याय ठाऊक होता. त्याने फक्त तो आपल्या हयातीपुरता चालू ठेवला.

"आमच्या घरी त्यांना मायेने वागवीत," हा दुसरा बचाव. मायेची परीक्षा मालक मेल्यावर होते. थॉमस जेफरसन यांचे सासरे जॉन वेल्स १७७३ मध्ये वारले, आणि वारशाने जेफरसनकडे १३५ माणसे आली. त्यांत एलिझाबेथ हेमिंग्ज व तिची मुले होती. तिची कन्या सॅली ही वेल्सचीच संतती, म्हणजे जेफरसन यांच्या पत्नीची सावत्र बहीण, आणि आपण स्वतः जेफरसन यांचे पुत्र, असे सॅलीचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतील एका वृत्तपत्रात सांगितले. जेफरसन घराण्याने ते नाकारले आणि दोष भाच्यांवर ढकलला. १९९८ मध्ये वंशद्रव्याच्या परीक्षेत सॅलीचा पुत्र एस्टन याच्या वंशजाचे नाते जेफरसन कुळाशी जुळले, भाच्यांच्या कुळाशी जुळले नाही. जेफरसन यांचे घर सांभाळणाऱ्या संस्थेने २००० मध्ये बहुतांशी तोच निष्कर्ष स्वीकारला. जेफरसन यांनी १८२६ च्या मृत्युपत्राने पाच जणांना मुक्ती दिली. त्यांतील एक लोहार जो फॉसेट. स्वातंत्र्य त्याला मिळाले; पण त्याची पत्नी ईडिथ व मुले १८२७ च्या लिलावात विकली गेली. ही ती माया!

"तोंडी आठवणींवर विश्वास कसा ठेवावा? कागद दाखवा," हा तिसरा बचाव, आणि सर्वांत धूर्त. कागद कोणाच्या पेटीत होते? मिमा क्वीन या स्त्रीने आपली पूर्वज मूळची स्वतंत्र होती म्हणून आपणही स्वतंत्र, असा दावा केला. १८१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूची ऐकीव साक्ष नाकारली. न्यायमूर्ती गॅब्रिएल ड्युव्हॉल यांनी एकट्याने विरोधी मत दिले. ज्यांना लिहू दिले नाही, त्यांच्याकडे लेखी पुरावा मागावयाचा, आणि तो ज्यांच्यापाशी आहे त्यांनी तीन टिंबे द्यावयाची! याला न्याय म्हणत नाहीत.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, फादर प्रॉटेस्टंट जमीनदारांवर आगपाखड करीत आहेत. तसे नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे एकमेव कॅथॉलिक, मेरीलँडचे चार्ल्स कॅरोल, हे त्या राज्यातील मोठ्या गुलाममालकांपैकी एक होते. आणि याहून लाजिरवाणी गोष्ट आपल्याच घरची आहे. १८३८ मध्ये मेरीलँडच्या येशूसंघाचे प्रांताधिकारी फादर थॉमस मुलेडी यांनी २७२ माणसे लुइझियानातील मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरना विकण्याचा करार केला. जॉर्जटाउनचे महाविद्यालय कर्जात होते. कुटुंबे तोडू नयेत, त्यांना धर्माचरण करता यावे, पैसा कर्जफेडीस वापरू नये, अशा अटी रोमहून घातल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. विकली गेलेली माणसे बाप्तिस्मा घेतलेली होती. ज्यांच्या हातून त्यांनी ख्रिस्तशरीर स्वीकारले, त्यांनीच त्यांची किंमत घेतली.

पण याच प्रकरणात आमच्या प्रश्नाचे उत्तरही आहे. विक्रीपूर्वी केलेली नावांची यादी, करारपत्र, जहाजावरील नोंदी आणि धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या जपल्या गेल्या होत्या. २०१५ नंतर संशोधकांनी त्या एकमेकींशी जुळवल्या, आणि हजारो वंशज सापडले. लुइझियानात त्यांतील कितीतरी घराणी अद्याप कॅथॉलिक आहेत. विकणाऱ्यांनी श्रद्धेला कलंक लावला, विकल्या गेलेल्यांनी ती सांभाळली. एप्रिल २०१७ मध्ये विद्यापीठाने व येशूसंघाने वंशजांसमोर क्षमायाचना केली, आणि ज्या इमारतीला मुलेडींचे नाव होते तिला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव दिले. विक्रीच्या कागदावर पहिले नाव त्यांचेच होते. कोणी तेथे टिंबे दिली असती, तर क्षमा मागावयाची कोणाची, हेही कळले नसते.

म्हणून "मढी उकरू नका" हा उपदेश आम्हांस ख्रिस्ती वाटत नाही. पापकबुलीस येणारा मनुष्य आपली पुण्ये सविस्तर सांगू लागला आणि पापांच्या जागी गप्प राहिला, तर त्याला पापक्षमा कोणत्या गोष्टीची द्यावयाची? घराण्याचेही तसेच आहे. पणजोबांच्या अपराधासाठी पणतू तुरुंगात जात नाही, आणि जाऊही नये. परंतु पणजोबांचे चमचे ज्याने स्वीकारले, त्याने त्यांचा कागदही अखेरच्या ओळीपर्यंत वाचला पाहिजे.

आणि आपण? आफ्रिकेतून आणलेली माणसे पोर्तुगीज अमलात गोव्यात विकली जात होती. १५८० च्या दशकात तेथे राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने त्या बाजाराचे वर्णन केले आहे. पोर्तुगीज मुलखांत गुलामी कायद्याने रद्द झाली ती १८६९ मध्ये. तेव्हा आपल्या समाजातही आता जी घरे जुन्या वह्या चाळून आपले कूळ, आपली जात, आपले मोठेपण शोधू लागली आहेत, त्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीत केवळ एक नाव आणि त्यापुढे कोणा धन्याचे नाव आढळले, तर पान उलटू नका. ते नावही उतरून घ्या.

संत मत्तयाने आपल्या प्रभूची वंशावळ लिहिली. तीही राजवंशाचीच होती, आणि तिच्यातील डाग झाकणे त्याला कठीण नव्हते. त्याने तामार लिहिली, राहाब लिहिली, परकी रूथ लिहिली. दाविदाच्या पुत्राची आई सांगताना ती उरियाची पत्नी होती, हे त्याने मुद्दाम नोंदवले. राजाने ज्याचा घात करविला, त्या सैनिकाचे नाव तारणाऱ्याच्या वंशावळीत कायमचे राहिले.

त्या गृहस्थांना आम्ही पुस्तक परत दिले, आणि सोबत एका चिठ्ठीवर ती चार नावे लिहून दिली. आपल्या व्याह्यांना ती द्यावी आणि पुढील आवृत्तीत टिंबांच्या जागी छापण्याची विनंती करावी, असे सांगितले. त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली. ती व्याह्यांपर्यंत पोचली की नाही, हे आम्ही पुढच्या सुट्टीत त्यांना विचारणार आहोत.