घरातील दूरचित्रवाणी आणि नकलेचे कुलूप

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम फितीवर उतरवून घेण्याचा प्रघात होता, तेव्हा नकलेला आपोआपच एक मर्यादा पडत असे. फितीवरून फीत काढली की चित्र अंधूक होई. तिसऱ्या-चौथ्या प्रतीत ते पाहवेनासे होई. अंकीय प्रक्षेपणाने ही मर्यादा नाहीशी केली. चित्र व ध्वनी यांचे एकदा आकड्यांत रूपांतर झाले म्हणजे हजारावी प्रतही पहिलीसारखीच निघते. चित्रपटनिर्मात्यांच्या मनात यामुळे धास्ती उत्पन्न झाली, आणि ती निराधार होती असे कोणी म्हणू नये. आक्षेप आहे तो त्या धास्तीपोटी योजलेल्या उपायांवर.

या वादाचा आरंभ अमेरिकेत झाला. सोनी कंपनीच्या बीटामॅक्स यंत्राविषयीच्या खटल्यात १७ जानेवारी १९८४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, खुलेपणाने प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुढे सवडीने पाहण्यासाठी घरी उतरवून घेणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. वीस वर्षे ही व्यवस्था चालली. मग नोव्हेंबर २००३ मध्ये तेथील संघीय दळणवळण आयोगाने ‘ब्रॉडकास्ट फ्लॅग’ या नावाचा नियम केला. प्रक्षेपणासोबत एक लहानसा संकेत पाठवावयाचा, आणि १ जुलै २००५ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक संचाने तो ओळखून कार्यक्रम केवळ मान्यताप्राप्त मार्गांनीच बाहेर सोडावयाचा, अशी ही योजना होती. प्रक्षेपण उघडेच राहणार होते. बंधन पडणार होते ते घरातल्या संचावर. ग्रंथालयांच्या व ग्राहकांच्या संस्थांनी न्यायालयात दाद मागितली. आयोगाचा अधिकार प्रक्षेपण ग्रहण करण्यापुरता असून, ग्रहणानंतर संचाने काय करावे हे ठरविण्याचा नाही, असे सांगून न्यायालयाने ६ मे २००५ रोजी तो नियम रद्द केला. (नागरिकाचा हक्क कोणता, या मूळ प्रश्नाला मात्र न्यायालयाने हात घातला नाही.)

परंतु जे नियमाने साधले नाही, ते कराराने आधीच साधले जात होते. इंटेल कंपनीने तयार केलेली ‘एचडीसीपी’ ही पद्धत पेटी आणि पडदा यांना जोडणाऱ्या तारेवर पहारा करते. दोन्ही उपकरणे आपापल्या गुप्त किल्ल्या वापरून एकमेकांची ओळख पटवितात, आणि ओळख पटली तरच चित्र पुढे सरकते. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाजवळ ५६ बिटांच्या ४० किल्ल्या असत. एखाद्या उपकरणाच्या किल्ल्या फुटल्या की त्याचे नाव बहिष्कृतांच्या यादीत घालण्याची सोयही तीत आहे. ज्यांनी ही पद्धत रूढ होण्यापूर्वी महागडे संच विकत घेतले होते, त्यांच्या संचांत किल्लीच नव्हती. त्यांचा अपराध इतकाच की त्यांनी खरेदीची घाई केली. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये या पद्धतीची मूळ किल्लीच जगजाहीर झाली. तरीही कुलूप निघाले नाही. नवी आवृत्ती आली, आणि जुन्या आवृत्तीचे संच अतिसूक्ष्म चित्रास अपात्र ठरले.

चोरट्या प्रतींचा व्यापार करणाऱ्यास एकच निर्दोष प्रत पुरते आणि ती तो कोठून तरी मिळवितोच. अडतो तो घरातला मनुष्य, किंवा वर्गात दोन मिनिटांचा उतारा दाखवू पाहणारा शिक्षक. यंत्राला हेतू कळत नाही. कायद्याला तो विचारता येतो. भारताच्या कायद्याने तो विचारलाही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात आलेल्या कलम ६५अ नुसार तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, परंतु हक्कभंगाचा हेतू असेल तरच. खाजगी उपयोगासाठी केलेला न्याय्य वापर कलम ५२ ने मोकळाच ठेवला आहे. असे असूनही पुष्कळ डीटीएच पेट्यांवर मुद्रित केलेला कार्यक्रम त्याच पेटीवर चालतो. पेटी बदलली की तो वाया जातो. कायद्याने दिलेली सवलत अशा रीतीने कारखान्यातच काढून घेतली जाते, आणि विकत घेणाऱ्यास त्याची वार्ताही नसते. निदान कोणता कार्यक्रम उतरविता येईल, तो किती काळ टिकेल आणि दुसऱ्या उपकरणावर चालेल की नाही, एवढे तरी पेटीच्या वेष्टणावर ग्राहकाच्या भाषेत छापण्याची सक्ती झाली पाहिजे. आणि अशी मानके जेथे ठरतात, त्या समित्यांत निर्मात्यांच्या व कारखानदारांच्या शेजारी ग्रंथपालास व शिक्षकासही बसविले पाहिजे.