खेळण्यांचे अश्रू आणि माणसांची राख

प्लास्टिकच्या खेळण्यांसाठी प्रौढ माणसे चित्रपटगृहात रडली, ही घटना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. २०१० साली प्रदर्शित झालेल्या ‘टॉय स्टोरी ३’ या अमेरिकन ॲनिमेशनपटाने जगभरातून १०० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले आणि सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिकही पटकावले. आता तो घरोघरी मोबाईलवर पाहिला जातो. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) सिडकोतील मध्यमवर्गीय घरांत आजी-आजोबा नातवंडांना मांडीवर घेऊन तो पाहतात आणि शेवटी डोळे पुसतात. त्यांत पुरोगामी विचारांची, चळवळीत आयुष्य घालवलेली माणसेही असतात. म्हणूनच या अश्रूंचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

कथा थोडक्यात अशी. अँडी हा मुलगा १७ वर्षांचा झाला असून महाविद्यालयीन शिक्षणासाठी घर सोडून निघाला आहे. त्याची बालपणीची खेळणी चुकून कचऱ्याच्या वाटेला लागतात आणि पुढे सनीसाइड नावाच्या पाळणाघरात जाऊन पडतात. तेथे लोत्सो नावाच्या गुलाबी अस्वलाची हुकूमशाही आहे. नव्या खेळण्यांना तो अगदी लहान मुलांच्या खोलीत ढकलतो. तेथे त्यांची आपटून-आदळून दुर्दशा होते. खेळणी एकजुटीने पळून जातात, कचऱ्याच्या भट्टीच्या तोंडापर्यंत पोहोचतात, वाचतात. आणि अखेर अँडी ती बॉनी नावाच्या चिमुरडीच्या स्वाधीन करतो.

यावर काही सहृदय मित्रांचे म्हणणे असे की, हा चित्रपट तर आपलाच आहे. यात जुलमाविरुद्धचे बंड आहे, दुबळ्यांची एकजूट आहे, हुकूमशहाचा पाडाव आहे. चित्रपटाची कारागिरी उच्च दर्जाची आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. भट्टीच्या ज्वाळांसमोर खेळणी एकमेकांचे हात धरतात, तो प्रसंग कोणाही संवेदनशील माणसाला हलवून सोडतो. तथापि, बंड कोणाविरुद्ध झाले याच्याइतकेच ते कशासाठी झाले हेही पाहावे लागते. आणि येथेच मित्रांचा भाबडेपणा उघडा पडतो.

वुडी हा या मालिकेचा नायक. त्याच्या बुटाच्या तळव्यावर अँडीचे नाव लिहिलेले आहे आणि ते नाव हाच त्याचा सर्वोच्च अभिमान आहे. मालकाची मुद्रा अंगावर असणे म्हणजे प्रेम आणि ती पुसली जाणे म्हणजे मरण, अशी या जगाची नीती आहे. याउलट, मालक नसेल तर दुःखही नाही, आपणच आपले धनी आहोत, असे बोलणारे पात्र संपूर्ण चित्रपटात एकच आहे. आणि ते आहे खलनायक लोत्सो! स्वराज्याची भाषा दुष्टाच्या तोंडी घालायची आणि निष्ठेची भाषा नायकाच्या तोंडी, ही योजना निरागस कशी म्हणावी? सनीसाइडमधून पळालेल्या खेळण्यांना स्वातंत्र्य नको आहे. त्यांना चांगला मालक हवा आहे.

लोत्सोचा मूळ अपराध तरी कोणता? तो आपल्या मालकिणीकडून प्रवासात हरवला, पायपीट करीत घरी परतला आणि खिडकीतून त्याने पाहिले, तर त्याच्या जागी हुबेहूब तसेच दुसरे अस्वल आणलेले. आपण कोणाचे लाडके नसून बाजारात केव्हाही बदलून मिळणारा माल आहोत, हे सत्य या चित्रपटात त्या एकट्याला कळले. ज्याला हे सत्य कळले त्याला चित्रपटाने क्रूर ठरवले, आणि ज्यांना ते कळत नाही त्यांना प्रेमळ.

आणखी एक गोष्ट. चित्रपटात एका मुलाच्या मालकीची खोली हा स्वर्ग आहे आणि अनेक मुलांची सामाईक जागा हा तुरुंग. लोत्सो गेल्यावर सनीसाइडचा कारभार सुधारतो, कष्टाच्या खोलीतील पाळी सर्वजण आळीपाळीने वाटून घेतात, हे दाखवले आहे, पण केव्हा? कथा संपून नामावली पडद्यावर सरकत असताना. समतेला जागा मिळाली ती प्रेक्षक खुर्चीवरून उठण्याच्या बेतात असताना!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या मालिकेचे मोठे मौन याहूनही वेगळे आहे. येथे खेळणी बोलतात, हसतात, रुसतात. पण ती कोणी घडवली, हे कोठेही येत नाही. अपवाद १९९५ च्या पहिल्या भागातील एका क्षणाचा. बझ हा अंतराळवीर आपल्या मनगटावरचे झाकण उघडतो, तेथे ‘तैवानमध्ये बनविलेले’ अशी अक्षरे वाचतो आणि आतून कोसळतो. आपण कामगाराच्या हातून घडलो, हे कळणे हा त्याच्या मोठेपणाचा अंत ठरतो. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) मार्क्सने साध्या लाकडी मेजाचे उदाहरण घेऊन हेच उलगडले होते. वस्तू क्रयवस्तू म्हणून बाजारात उतरली की तिला जणू स्वतःचे चैतन्य लाभते, आणि माणसांतील श्रमाचे नाते वस्तूंतील नाते म्हणून दिसू लागते. जो भ्रम मार्क्सने फोडून दाखवला, त्याचेच येथे कथानक झाले आहे. वस्तू बोलू लागली. ती घडवणारा माणूस मुका झाला.

हा मूक माणूस कोठे आहे? १० मे १९९३ रोजी थायलंडमध्ये बँकॉकजवळच्या केडर खेळणी कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचे दरवाजे बंद होते, इमारत कोसळली. १८८ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली आणि स्त्रिया होत्या. त्या परदेशी बाजारपेठेसाठी कापडी व प्लास्टिकची खेळणी करीत होत्या. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमधील शेन्झेन येथे झिली खेळणी कारखान्यात तशाच आगीत ८० हून अधिक कामगार मेले. तेथेही खिडक्यांना गज होते आणि दारे बंद होती. या कारखान्यांचा या चित्रपटाशी थेट संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु चित्रपट आला तेव्हा अँडी १७ वर्षांचा होता आणि केडरच्या आगीलाही १७ वर्षेच झाली होती. भट्टीसमोरच्या खेळण्यांसाठी जग रडले. खेळणी करता करता जळालेल्या मुलींची नावे त्या जगाला ठाऊक नाहीत.

बँकॉक आणि शेन्झेन दूर आहेत, असे कोणी म्हणेल. मग आपल्याच जिल्ह्याकडे वळावे. नवरात्रात शहरातील कर्णपुरा देवीच्या यात्रेत भिरभिरी, पिपाण्या, डमरू आणि प्लास्टिकच्या मोटारी विकल्या जातात. खेड्यातून आलेली आई पदराची गाठ सोडून लेकराला भिरभिरे घेऊन देते. दसरा-दिवाळी होते न होते तोच मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. या जिल्ह्याच्या काही तालुक्यांतून, जालन्यातून आणि सर्वाधिक बीडमधून ही माणसे चार-पाच महिने कोप्यांत राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसाची गणना हत्याराच्या नावाने होते! पाठीमागचे पोर धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढे गोळा करते, मोळी उचलू लागते. अँडीचे मोठे होणे म्हणजे महाविद्यालयात जाणे. या पोराचे मोठे होणे म्हणजे हाती कोयता येणे. मुलगी असेल तर तिच्या मोठेपणाचा मुहूर्त आणखी अलीकडे येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. एकट्या बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या वर होते. या मुलींनी कोणती बाहुली कोणाच्या हाती सोपवून निरोप घ्यावा?

आणि राज्यसंस्था काय करते? खेळण्याचा हक्क बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात आहे. भारताने ती १९९२ साली मान्य केली. परंतु २०१६ च्या बालमजुरी कायद्यातील दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाने शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या व्यवसायात ‘मदत’ करण्यास मुभा दिली. खेळण्यांविषयी सरकारला कळवळा आहे, पण तो बाजारपेठेचा. आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. देशी कारखानदाराला संरक्षण मिळाले, हे ठीकच. परंतु कोपीतल्या मुलाच्या हाती त्यामुळे एकही खेळणे आले नाही.

पर्याय परदेशातून आणण्याचे कारण नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, शिंपले, बिया, खडे, पाने यांतून मुलांची साधने उभी केली आणि अंगणवाडी गरिबाच्या दारात नेली. तेथील खेळणे कोणा एकाचे नव्हते, म्हणून ते कोणाला टाकूनही द्यावे लागत नव्हते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून देशभर अंगणवाड्या सुरू झाल्या. आपले सनीसाइड हेच! पण ते चालवणाऱ्या बाईला वेतन नाही, मानधन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत लढल्या. खेळण्यांच्या बंडावर टाळ्या वाजवणाऱ्या किती घरांनी त्या संपाची साधी विचारपूस केली?

तेव्हा कार्यकर्त्यांनी नातवंडांना हा चित्रपट दाखवू नये, असे मुळीच नाही. अवश्य दाखवावा, आणि तो संपल्यावर खेळणे उलटे करून ते कोठे बनले, कोणी बनवले, हे त्यांना वाचायला शिकवावे. त्याच वेळी प्रत्येक साखर कारखान्याच्या ऊसतोड तळावर हंगामभर पाळणाघर आणि अंगणवाडी चालावी, त्यात खेळण्याचे सामान सार्वजनिक खर्चातून मिळावे आणि अंगणवाडी सेविकेला कामगाराचा दर्जा व वेतन मिळावे, या मागण्या गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यात मांडाव्यात. काल्पनिक खेळण्यांसाठी ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांच्याकडून जिवंत मुलांसाठी एवढी अपेक्षा करणे अवाजवी नाही.